भाकऱ्या थापायच्या आधी फोन करा

गेल्या महिन्यात कोयनाकाठच्या घरगुती खानावळींबद्दल लिहिलं, त्यावर पत्रं आली ती अजून येताहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच: फिरायला तर यायचंच आहे, पण आपण खर्च करतो तो पैसा त्या गावातल्या माणसांच्या हातात पडावा, त्यासाठी काय करायचं ते सांगा. मी १९ वर्षं कास-बामणोली रस्त्यालगत राहत्या घरात खानावळ चालवते. माहेर शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या काठावर. धाकटी बहीण मिरजेत दिलेली. एवढ्या टापूत जे पाहिलं, जे केलं, त्याच्या आधाराने उत्तरं देते.

ताई, आम्ही तीन कुटुंबं बामणोलीकडे यायचं ठरवतोय. एका घरी जेवणाचं आणि मुक्कामाचं विचारलं, तर त्यांनी निम्मे पैसे आधी मागितले. साध्या जेवणासाठी इतका अविश्वास? मन खट्टू झालं. (एक वाचक, ठाणे)

दादा, तुमचं मन खट्टू झालं हे खरं, पण पैसे मागताना त्या माउलीच्याही जिवावर आलं असणार. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. जेवायच्या आधी जेवणाचे पैसे मागायचे, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. मी मागायला लागले त्यामागे एक रविवार आहे.

सप्टेंबर महिना होता, कासला फुलं ऐन भरात. शनिवारी रात्री फोन आला, "बावीस जण आहोत. दीड वाजता पोचतो. सगळं चुलीवरचं हवं आणि नाचणीच्या भाकऱ्या हव्यात." मला आनंद झाला. बावीस ताटं म्हणजे आमच्यासाठी मोठा दिवस. पहाटे पाचला उठून मसाला वाटला, मासे साफ केले, साडेदहाला भाकऱ्यांना हात घातला. नाचणीची भाकरी ज्वारीसारखी झटपट होत नाही. पाण्याला उकळी आणायची, पीठ वैरायचं, झाकून वाफ द्यायची आणि ती उकड गरम आहे तोवर तळहाताने रगडायची. गार झाली की गेली. रगडण्यात हयगय केली तर थापताना कडेला चिरा पडतात आणि तव्यावर टाकायच्या आधीच भाकरी हातात तुटते. माणशी तीन धरल्या तरी ६६ भाकऱ्या. जाऊबाई थापत होत्या, मी तव्यावरून काढून इंगळावर शेकत होते. सव्वा वाजेपर्यंत दोन दुरड्या भरल्या.

दीड वाजला. अडीच वाजले. आमच्या घरात रेंज येत नाही, वरच्या वळणावर जावं लागतं. मुलगा तिथे उभा राहून फोन लावत होता. दोनदा वाजला, मग बंद लागला. चारच्या सुमाराला वडापच्या एका जीपवाल्याने सांगितलं, तसली बस कासवरूनच साताऱ्याकडे वळली. भाकऱ्या आळीत वाटल्या, उरल्या त्या दुसऱ्या दिवशी म्हशींपुढे गेल्या. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या तळहातांना तेल चोळत बसल्या.

आता त्या जेवणाचा हिशोब ऐका. मासे शेजारच्या घरातल्या पोरांनी रात्री जाळं टाकून आणलेले. नाचणी आणि तांदूळ दिराच्या शेतातले. दूध-दही खालच्या आळीतल्या मामांचं. कुर्डूची भाजी दोन म्हाताऱ्यांनी सकाळी रानातून खुडून आणलेली. लाकडं एकाने फोडून दिलेली, आणि भांड्यांना एक मुलगी बोलावलेली. ताट वाढलं जाणार होतं माझ्या अंगणात, पण त्याचे पैसे संध्याकाळपर्यंत सहा घरांत गेले असते. पाहुणे आले नाहीत म्हणून त्या सहा घरांचं मोल बुडवता येत नाही. मी ते दिलं, पण पुढचे दोन महिने माझ्या घरात ओढाताण झाली.

म्हणून निम्मे पैसे. तो अविश्वास नाही, ते सामानाचे पैसे आहेत. तुम्ही ते बिनदिक्कत पाठवा.

आणि एवढं विचारलंच आहे तर आणखी सांगते. फोन आदल्या दिवशी दुपारपर्यंत करा, म्हणजे आम्हाला माणसं सांगता येतात, जाळं टाकता येतं. किती माणसं, किती लहान मुलं, मासे-मटण खाणारे किती, न खाणारे किती, हे नेमकं सांगा. बेत बदलला तर सकाळी सातला कळवा. भाकऱ्या थापायला घ्यायच्या आधी कळलं तर निम्मं नुकसान वाचतं, आणि अशा माणसाचा मला कधी राग आलेला नाही. साताऱ्यातून निघतानाच रोख पैसे काढून ठेवा, तेही शंभर-दोनशेच्या नोटांत. मोबाइलवरून पैसे देणं आमच्याकडे चालतं, पण रेंज नसली की तुम्हीही अडता आणि आम्हीही.

जमलं तर एक रात्र राहा. जेवून तासाभरात निघालेल्या गाडीकडून एका वेळचे पैसे मिळतात. मुक्कामाला राहिलेल्या कुटुंबाकडून संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, आणि निघताना पिशवीत बांधून घेतलेले दोन किलो तांदूळ. शिवाय मंगळवारी-बुधवारी या. शनिवार-रविवारी आम्हाला माणसं पुरत नाहीत आणि मधल्या वारी चूल थंड असते. तीन कुटुंबांनी मिळून एक मधला वार निवडला तर आमच्यासारख्या घराचा तो आठवडा सुधारतो.

दर ट्रिपला आम्ही वाटेतल्या गावांतल्या मुलांसाठी चॉकलेटं आणि वह्या नेतो. गाडी थांबवून वाटतो. मुलं किती खूश होतात! आणखी काय नेता येईल? (एक आजी, पुणे)

आजी, तुमच्या मनातली माया कळते, आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते. गाडी थांबवून वाटू नका.

मी सात-आठ वर्षांची असेन. लाँचमधून उतरलेल्या एका बाईंनी मला बिस्किटांचा पुडा दिला. मी पळत वडिलांकडे गेले, ते परड्यात काम करत होते. त्यांनी विचारलं, "तू त्यांचं काय काम केलंस?" मी म्हटलं, काही नाही. "मग हे कशाचं?" मला उत्तर देता येईना. त्यांनी मांडवावरची एक मोठी काकडी तोडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही त्यांना दे, मग पुडा तुझा." लाँच सुटायच्या आत मी धापा टाकत काठावर पोचले. बाईंनी काकडी घेतली, वास घेतला, पदराने पुसली आणि मला जवळ घेतलं. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण बिस्किटं बघितली की मला अजून ती काकडी आठवते.

आज आमच्या रस्त्याला गाडी हळू झाली की काही मुलं हात पसरून धावतात. वळणाच्या रस्त्यावर, गाड्यांच्या मध्ये. त्यांच्या आई-बापांना ते बघवत नाही. ती मुलं उपाशी नाहीत हो. कुणीतरी एकदा दिलं, मग दुसऱ्याने दिलं, त्यातून ती सवय लागली.

तुम्हाला द्यायचंच असेल तर असं करा. जिल्हा परिषदेची शाळा गाठा, गुरुजींना किंवा बाईंना भेटा आणि काय कमी आहे ते विचारा. आमच्या डोंगरातल्या शाळांत पटसंख्या इवलीशी असते. त्यांना शंभर वह्या नको असतात. कुठे गोष्टींची पुस्तकं हवी असतात, कुठे नकाशा, कुठे पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून पुस्तकं वाचवायला एक लोखंडी कपाट. ते गुरुजींच्या हाती द्या, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. आणि त्याच मुलाच्या आईकडून राजमा, हळद, लोणचं काहीतरी विकत घ्या. आईच्या हातून आलेली वही मुलाला जास्त दिवस पुरते, हे मी आई म्हणून सांगते.

कासला इतकी गर्दी होते म्हणतात. जाऊन आपण नुकसानच करतो का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

बाळा, जा. पण मधल्या वारी जा आणि आधी ऑनलाइन नोंद करून जा, कारण बहराच्या दिवसांत रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, त्यांत कास आहे. तिथे जांभ्या दगडावर मातीचा नुसता पापुद्रा असतो. त्यावर पाय पडला की त्या वर्षीचं फूल तर जातंच, पण पुढच्या वर्षीचं बीसुद्धा चेंगरतं. तुम्ही भरता ते शुल्क पठाराभोवतीच्या गावांच्या समित्यांकडे जातं आणि त्यातून तिथली मुलं राखणीला, वाट दाखवायला लागतात. त्या मुलांना फुलांची नावं विचारा. सीतेची आसवं, गेंद, दीपकाडी, चवर. सांगताना त्यांचा चेहरा बघ.

फुलं बघून तिथूनच मागे फिरू नका, खाली बामणोलीपर्यंत उतरा.

वासोटा गडावर जायला वाटाड्या घ्यायलाच हवा का? वाट मळलेली आहे, व्हिडिओत सगळं दिसतं. तेवढे पैसे वाचतील. (एक ट्रेकर, पिंपरी)

मित्रा, खरं सांगते, वाट मळलेलीच आहे आणि चांगल्या हवेत तू एकटा वर पोचशील. पण वन खात्याची परवानगी, बोट, संध्याकाळच्या आत परत निघणं, हे सगळं तुला पाळावंच लागेल. ते जंगल कोयना अभयारण्याचं आहे. १९८५ साली अभयारण्य झालं आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गडावर मुक्काम करता येत नाही, आणि पावसाळ्यात वाट बंद असते.

वाटाड्या वाट दाखवायला नसतो, इतर गोष्टींसाठी असतो. माझा भाऊ २० वर्षं लोकांना वासोट्याला नेतोय. कड्याला आग्या मोहोळ कुठे लागलंय ते त्याला त्या-त्या आठवड्यात माहीत असतं. तो लोकांना आधीच सांगतो, अत्तर मारून येऊ नका, वर विडी-सिगारेट पेटवू नका. गवा आडवा आला तर तो सगळ्यांना जागीच उभं करतो आणि स्वतः पुढे जात नाही. ओल्या मातीत अस्वलाचे पाय उमटलेले असले तर थांबून दाखवतो. एकदा एका मुलीचा पाय मुरगळला, तेव्हा त्याने तिला पाठुंगळी घेऊन बोटीपर्यंत आणलं. व्हिडिओ हे करत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला मनापासून सांगायची आहे. बामणोलीहून बोट निघते आणि तासा-दीड तासाने गडाच्या पायथ्याला लागते. त्या पाण्याखाली काय आहे? माझ्या आजोबांची भातशेती आहे. कोयनेचं धरण झालं, १९६२ पासून तिथून वीज निघू लागली, राज्यातले कारखाने चालले, शहरं उजळली. आमची खोऱ्यातली गावं पाण्यात गेली. बरीच माणसं लांबच्या जिल्ह्यांत पाठवली गेली. आजोबा गेले नाहीत. सामान, गुरं आणि देवघरातले देव घेऊन ते वर डोंगराला सरकले आणि खडकाळ जमिनीत नाचणी-वरी लावून राहिले. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात आणि आमची माणसं त्या गाळात अजून गाळपेर करतात. भाऊ बोटीतून जाताना हात करून दाखवतो, "इथं आमची विहीर होती." तो हे प्रत्येकाला सांगत नाही. त्याला नीट विचारलं तरच सांगतो.

त्याची मजुरी काही फार मोठी नाही. पाच-सहा जणांत वाटली तर माणशी एका हॉटेलातल्या चहा-नाश्त्याइतकी पडते. बोटींचा आणि माणसांचा तिथे नंबर लागतो. नंबर ज्याचा असेल त्याच्याबरोबर जा, ओळखीने दुसरा मागू नकोस. ज्याचा नंबर हुकतो त्याच्या घरी त्या दिवशी काहीच जात नाही.

घोंगडी घ्यायची आहे. माणदेशात थेट विणकराकडून घेताना घासाघीस करावी का? (एक शिक्षिका, सांगली)

बाई, आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवर मीही घासाघीस करते. तिथे विकणारा चढवून सांगतो, घेणारा पाडून मागतो, आणि मध्ये कुठेतरी दोघांचं जमतं. त्यात कुणाचा अपमान नाही. हातकामाचं तसं नसतं.

घोंगडी आधी मेंढीच्या अंगावर असते. लोकर कातरायची, निवडायची, पिंजायची, बायकांनी तिचं सूत कातायचं. मग ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. त्यासाठी चिंचोके भाजून, सोलून, दळून, शिजवून घ्यावे लागतात. खळ उन्हात वाळली की सूत ताठ होतं आणि मगच मागावर चढतं. सनगराचा, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याचा, माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो, विणणारा पाय खाली सोडून दिवसभर वाकून बसतो. मी म्हसवडकडे एका घरात बसून हे बघितलं आहे. दुपारभर विणून हातभर कापड पुढे सरकलं होतं. तो माणूस उठला तेव्हा त्याला ताठ उभं राहायला थोडा वेळ लागला.

अशा वेळी दोनशे रुपये कमी करून घेण्यात काय मिळवायचं? किंमत परवडत नसेल तर तसं सांगा, तो लहान आसन किंवा जेन, म्हणजे लोकरीचं अंथरूण, दाखवेल. भाव रास्त आहे का अशी शंका असेल तर दोन घरं फिरा. पण ज्याच्याकडून घ्यायचं ठरलं त्याला सांगितलेली किंमत द्या. आणि वास येतो म्हणून नाक मुरडू नका, तो खऱ्या लोकरीचा वास आहे, चार उन्हं दाखवली की कमी होतो.

भिलारला आम्ही दिवसभर एका घरात पुस्तकं वाचत बसलो. निघताना पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. अवघडल्यासारखं झालं. (एक निवृत्त दांपत्य, नाशिक)

किती छान दिवस घालवलात! अवघडू नका. ४ मे २०१७ ला भिलार पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा गावातल्या लोकांनी घरांच्या, लॉजच्या खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या. सुरुवातीला २५ ठिकाणं होती आणि सुमारे १५ हजार पुस्तकं. वाचायला पैसे पडत नाहीत हे गावाने मनापासून स्वीकारलेलं आहे, तेव्हा ते घेणार नाहीत.

पुढच्या वेळी त्याच घरी राहायची सोय आहे का ते विचारा आणि राहा. हंगामात, म्हणजे डिसेंबर ते मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर स्ट्रॉबेरीचे पनेट, म्हणजे छोटे डबे, त्यांच्या शेतातूनच घ्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, पण हमरस्त्यावरच्या दुकानात घेतलेल्या पनेटमधला किती भाग शेतकऱ्याला मिळतो ते दुकानागणिक बदलतं, बांधावर घेतलं की सगळा मिळतो. पनेट उलटं करून तळची फळं बघा, नरम नसावीत. आणि पुस्तक जिथून काढलं तिथेच ठेवा. एका घरच्या काकूंनी मला सांगितलं होतं, पाहुणे गेल्यावर त्यांचा अर्धा तास पुस्तकं जागेवर लावण्यात जातो.

महाबळेश्वरहून आणलेला मध घट्ट झाला. फसवणूक झाली का? (एक गृहिणी, मुंबई)

नाही. चांगला मधही थिजतो, थंडीत तर लवकर. बाटली कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. पुढच्या वेळी महाबळेश्वरकडे जाल तेव्हा मांघरला थांबा. २०२२ च्या मे महिन्यात ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे सातेरी माश्यांच्या पेट्या घराशेजारी दिसतील, मध कसा काढतात ते बघता येईल आणि ज्याची पेटी त्याच्याच हातून घेता येईल. जांभळाच्या फुलोऱ्यावरचा मध काळपट आणि किंचित कडवट लागतो, तो मिळाला तर सोडू नका.

सांगली-मिरजेला लग्नाला येतोय. मिरजेत सतारमेकर गल्ली बघायची इच्छा आहे, पण आम्हाला वाजवता येत नाही. नुसतं बघायला गेलेलं चालेल का? त्यांच्या कामात अडथळा नको. (एक वाचक, नागपूर)

तुम्ही हे विचारलंत याचंच मला बरं वाटलं. जा, पण सकाळी दहाच्या पुढे जा, दारात उभं राहून विचारा आणि "या" म्हटल्यावर आत जा. माझी बहीण त्या गल्लीपासून दोन चौक अलीकडे राहते, म्हणून मी बऱ्याचदा गेले आहे.

ही कारागिरी शिकलगारांच्या घरांतून आली, हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या हातांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले आणि १९३७ साली गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांत शिरलात की छताला वाळलेले भोपळे टांगलेले दिसतील. ते पंढरपूरकडून, भीमाकाठच्या शेतांतून येतात. कारागीर भोपळा बोटाच्या पेराने वाजवून घेतो आणि आवाज ऐकून कामाचा की नाही ते सांगतो.

मी एकदा जवारी काढताना बघत बसले होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते, त्या टेकण्याच्या जागेला कानसीने अगदी हलकं घासायचं. एकदा घासलं की तार छेडायची, ऐकायची. पुन्हा घासायचं. तारेखाली सुती दोरा सरकवायचा, पुढे-मागे करायचा. पहिल्यांदा तार नुसती टणत्कार करत होती. चाळीसेक मिनिटांनी त्याच तारेतून असा भरलेला, गुंजणारा आवाज निघाला की दुकानात बोलणारे सगळे गप्प झाले. कारागीर मात्र मान हलवून म्हणाले, "अजून थोडं आहे," आणि पुन्हा कानस उचलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्हाला वाजवता येत नाही म्हणून काही घेता येत नाही असं नाही. तिथे लहान एकतारी मिळते, ती घरात असू द्या. पण त्याहून मोठं एक काम तुमच्या हातात आहे. तुमच्या किंवा तुमच्या नातेवाइकांच्या घरी माळ्यावर जुना तंबोरा, सतार, दिलरुबा पडून आहे का ते विचारा. बऱ्याच घरांत असतो. भोपळ्याला तडा गेलेला, तारा गंजलेल्या, खुंट्या सैल झालेल्या. लोक तो तसाच ठेवतात किंवा भंगारात देतात. हल्ली इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने नव्या वाद्यांची मागणी कमी केली आहे, पण भोपळा जोडणं, खुंट्या बसवणं, जवारी काढणं हे काम हातानेच होतं, आणि दुरुस्तीला आलेल्या एका वाद्यामुळे शिकाऊ मुलाच्या हाताखालून ती सगळी कामं जातात. ती मुलं टिकली तर गल्ली टिकेल.

लग्नाला येताना तो तंबोरा घेऊन या. तारा आधी उतरवून घ्या, ताण राहिला तर तडा वाढतो. जुन्या गोधडीत गुंडाळा, भोपळ्याला चहूबाजूंनी कापूस किंवा मऊ कपडे लावा. रेल्वेत आडवा बर्थखाली ढकलू नका, वरच्या बर्थवर आपल्याशेजारी झोपवा. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते कारागिरांना विचारा आणि घाई करू नका. काम झालं की माझी बहीण तो तिच्या घरी नेऊन ठेवेल. तुमचा पत्ता आणि येण्याची तारीख मासिकाच्या कार्यालयाकडे कळवा, मी तिला निरोप देते.